बिल्ला घासण्याआधी वाचा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घराची आवराआवर करताना ट्रंकेच्या तळाशी एखादा पितळी लष्करी बिल्ला सापडतो. तो आधी चिंच-राखेने घासून लखलखीत केला जातो आणि मग ‘हा कुठल्या पलटणीचा?’ अशी विचारणा होते. तोवर ओळख पटवणारा निम्मा पुरावा गेलेला असतो. झिजलेला आकडा परत येत नाही.

सुरुवात बिल्ल्यावरच्या ब्रिटिश मुकुटापासून करावी. कमानी मध्यभागी दबलेल्या असतील तर बिल्ला व्हिक्टोरिया राणीच्या काळातला. घुमटासारख्या गोल असतील तर १९०१ नंतरचा. २६ जानेवारी १९५० नंतर मुकुटाच्या जागी अशोकस्तंभाचे सिंह आले.

पण मुकुटापेक्षा आकडा जास्त बोलतो. ब्रिटिश काळातल्या हिंदी सैन्याच्या १९०३च्या फेररचनेत मुंबई इलाख्यातल्या पायदळ पलटणींच्या क्रमांकांत शंभर मिळवले गेले. दहावीची ११० झाली, सतरावीची ११७. मराठ्यांच्या १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७ या पलटणी १९२२मध्ये ‘पाचवी मराठा लाइट इन्फंट्री’ या एकाच रेजिमेंटमध्ये आल्या. म्हणजे ‘११०’ लिहिलेला बिल्ला १९०३ ते १९२२ याच काळातला. पहिल्या महायुद्धात १०३, ११० आणि ११७ या पलटणी आजच्या इराकमधल्या कूटच्या वेढ्यात होत्या, तोच हा काळ. नुसत्या ‘५’वर मात्र विसंबू नये, सोबत खुकरी असेल तर तो गुरख्यांचा. नुसतं बिगुलही पुरेसं नाही. ते लाइट इन्फंट्री (चपळ हालचालींचं हलकं पायदळ) आणि रायफल पलटणींचं सर्वसाधारण चिन्ह आहे, इंग्लंडातल्या डरहॅम लाइट इन्फंट्रीचंसुद्धा. इंग्रजी अक्षरं असतील तर ‘मराठा’चं स्पेलिंग पाहावं: जुन्या रूपात ‘आर’आधी ‘एच’ आणि पुढे दोन ‘टी’ असतात.

मग बिल्ला उलटा करावा. बाजारात फसगत होते ती मागची बाजू न पाहिल्याने. ठशाने दाबून काढलेल्या पत्र्याच्या मागे नक्षीचा उलटा, खोलगट ठसा दिसतो. ओतीव बिल्ल्याची पाठ बहुधा सपाट, बारीक खड्ड्यांची असते. ओतीव म्हणजे नकली असं नाही, त्या काळीही इथल्या कारागिरांकडून बिल्ले ओतून घेतले जात. पण अस्सल बिल्ल्यावरून साचा काढला की धातू आकसतो. नक्कल किंचित लहान भरते आणि अक्षरांच्या कडा बोथट होतात. पाठीवरच्या कड्यांचं डाख चकचकीत असेल, किंवा हिरवट थर सगळीकडे एकसारखा असेल, तर संशय घ्यावा.

बिल्ल्यासोबत पदक असेल तर आधी त्याची कडा भिंगातून वाचावी. पहिल्या महायुद्धाच्या गोल पदकांवर शिपायाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण तिथेच उमटवलेली असते. बिल्ल्यावर शिपायाचं नाव नसतं, म्हणून ही कडा मोलाची.

धुवायचंच असेल तर कोमट पाणी, सौम्य साबणाचा एक थेंब, मऊ ब्रश. नंतर पूर्ण कोरडं करावं. शेजारी मोजपट्टी ठेवून, उजेड एका बाजूने घेऊन पुढून-मागून फोटो काढावेत. बिल्ला कुणाचा, कुठल्या गावचा, कुणी सांगितलं, हे कागदावर लिहून सोबत ठेवावं. चिकटपट्टी लावू नये, तिच्या डिंकाचा पितळेवर डाग पडतो.

आपला,
लष्करी बिल्ल्यांचा एक अभ्यासक, सातारा