प्रोबचा हिशेब अहवालात हवा

मा. संपादक,

अँटेनाची चाचणी ‘बंद खोलीत’ झाल्याच्या बातमीत खोलीचे कौतुक असते, अँटेनासमोर फिरून लहरी टिपणाऱ्या प्रोबचे नावही नसते. निअर-फील्ड (अँटेनाच्या अगदी जवळून मोजणाऱ्या) यंत्रणेच्या निविदांतही बहुधा तेच: प्रोब फिरवणारा स्कॅनर किती मीटरचा, लहरी शोषणारा अ‍ॅबसॉर्बर किती जाड, आणि प्रोबला जेमतेम एक ओळ.

१० गिगाहर्ट्‌झवरच्या ३ मीटर डिशचा पॅटर्न (कोणत्या दिशेला किती ताकद जाते, तो आलेख) थेट मोजायचा तर ६०० मीटर लांब जावे लागते. म्हणून डिशसमोर ९ ते १५ सेंटिमीटरवर प्रोब फिरवून, दर १५ मिलिमीटरला (अर्धी तरंगलांबी) अँप्लिट्यूड (लहरीची ताकद) आणि फेज (लहर चक्राच्या कुठल्या टप्प्यावर आहे) नोंदतात व दूरचा पॅटर्न गणिताने काढतात. पण सपाट स्कॅनमध्ये प्रोब सतत नाकासमोर बघतो, तिरकस येणाऱ्या लहरी त्याला कमी ऐकू येतात. या बँडचा नेहमीचा प्रोब म्हणजे २२.८६ × १०.१६ मिलिमीटरचे उघड्या तोंडाचे वेव्हगाइड (लहरी वाहून नेणारी धातूची आयताकृती नळी). ६० अंशांवर त्याचा प्रतिसाद एच-प्लेनमध्ये (चुंबकीय क्षेत्राच्या प्रतलात) साधारण ६-७ आणि ई-प्लेनमध्ये (विद्युत क्षेत्राच्या प्रतलात) ३-४ डेसिबल घसरतो. दुरुस्ती केली नाही, तर लांबच्या कोनातले साइडलोब (मुख्य झोताबाहेरची गळती) तेवढेच दबून दिसतात. अहवाल देखणा होतो, अँटेना नाही.

दुरुस्तीची रीत जुनी आहे. प्रोब ० आणि ९० अंशांवर फिरवून दोन स्कॅन घ्यायचे, फूरिये रूपांतर करायचे (त्याने मोजमाप दिशादिशांत विभागले जाते), मग प्रत्येक दिशेला दोन समीकरणे मांडून त्यांत प्रोबचा दोन्ही पोलरायझेशनचा (विद्युत क्षेत्राच्या आडव्या-उभ्या दिशांचा) प्रतिसाद घालायचा. हा प्रतिसाद प्रत्यक्ष मोजावा, नाहीतर १९८४ चे याग्जियन यांचे उघड्या वेव्हगाइडसाठीचे सूत्र वापरावे. मात्र सूत्रात प्रोबमागचा स्टँड आणि गळ्याभोवतीची अ‍ॅबसॉर्बरची कॉलर नसते. कॅलिब्रेशननंतर (प्रोबचा प्रतिसाद मोजून ठेवल्यावर) कॉलर दोन-चार सेंटिमीटर सरकली, तर हातातला डेटा त्या प्रोबचा राहत नाही.

सगळ्यात फसवी चूक चिन्हाची. प्रोब अँटेनाकडे तोंड करून असतो, त्यामुळे अँटेनाची उजवी बाजू ही त्याची डावी. प्रोब सममित असल्याने मुख्य पोलरायझेशनचा आलेख ठीकच दिसतो. पण दोन पोलरायझेशनपैकी एका घटकाचे चिन्ह उलटले, की उजवे वर्तुळाकार पोलरायझेशन डावे होऊन बसते. प्रोब फिरवताना १ अंशाची चूक झाली, तरी सुमारे उणे ३५ डेसिबलचे खोटे क्रॉस-पोलरायझेशन (मुख्य दिशेला काटकोनातला नको असलेला भाग) तयार होते. उणे ४० ची हमी देणाऱ्यांनी आधी प्रोब सरळ बसला आहे का ते तपासावे.

आणि अँटेना व प्रोब यांच्यात मागे-पुढे होणारी परावर्तने या गणितात मुळी येतच नाहीत. प्रोब पाव तरंगलांबी, इथे साडेसात मिलिमीटर, मागे घेऊन पुन्हा स्कॅन करावा. दोन पॅटर्नमध्ये जो फरक पडेल, त्यावरून त्या परावर्तनांचा अंदाज येतो. वेळ दुप्पट लागतो, म्हणून ही पायरी सगळ्यात आधी गाळली जाते.

निविदेत प्रोबच्या कॅलिब्रेशनचा डेटा, वारंवारतांसह आणि कॉलरसकट, मागायलाच हवा. गेन (अँटेना एका दिशेला किती ताकद एकवटते) थेट मोजणार असाल तर प्रोबचा गेनही हवा, त्यातली ०.३ डेसिबलची चूक तशीच अँटेनाच्या माथी येते. गेन आधीच माहीत असलेल्या प्रमाणित हॉर्न अँटेनाशी तुलना केली, तर प्रोबचा गेन वजा होऊन जातो.

गोलाकार स्कॅनमध्ये प्रोब कायम केंद्राकडेच बघतो, त्यामुळे दुरुस्ती लहान असते. पण नेहमीचे गणित वर्तुळाकार वेव्हगाइडच्या प्रोबसाठी आहे. तिथे आयताकृती प्रोब चालवून घेतला असेल, तर तेही अहवालात लिहावे.

— एक वाचक, पुणे