विहिरीकडचा कुणगा

आचरा, ता. मालवण
१८ ऑक्टोबर

प्रिय बाळ्या,

गणपतीनंतर तुला एक ओळ नाही. रागावला असशील तर रागाव, पण पुरतं वाच. आम्ही बरे, आईचे गुडघे आहेत तसेच.

विहिरीकडचा कुणगा गेला रे, भाताचा अख्खा तुकडा.

दसऱ्याआधी बांधावरून बघितलं तर लोंब्या पांढऱ्या. आई म्हणाली, "औंदा बेगीन पिकला वाटता." मी लोंबी धरली तर ती मानेतच मोडली. मानेवर काळपट पट्टा, दाणे दाबले तर सगळं पळंज, आतून पोकळ. मानमोडी. करपा रोगाचीच बुरशी ती. भाद्रपदात पानांवर डोळ्यासारखे ठिपके होते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. पाऊस थांबला की जातील म्हटलं. पाऊस थांबला, पण आभाळ उतरलेलंच आणि पानांवर उशिरापर्यंत दव. ओल्या पानात ती रात्रीत शिरते. भात निसवताना, लोंबी बाहेर पडताना, मानेला लागली की दाण्याकडे अन्न जायची वाटच बंद. खाली पानं हिरवी आणि वर लोंबी रिकामी, हे बघवत नाही.

मे महिन्यात तू म्हणालास, युरिया हात राखून टाक. मी म्हटलं, पुण्यात बसून शेती शिकवू नकोस. चार दिवस बोललो नव्हतो. भात गर्द हिरवं झालं तेव्हा मी किती खूश होतो! तसल्या लुसलुशीत पानातच करपा माजतो. तुझं बरोबर होतं. हेच लिहायला कागद घेतला.

याच कुणग्यात लावणीला तू चिखलात बसलास आणि तुझी चप्पल गेली. अजून नांगराला लागलेली नाही!

रात्री झोप लागत नाही. १९४२ चं बंगाल आठवतं. बुरशी वेगळी, तपकिरी ठिपक्यांची, पण भात बुडालं आणि १९४३ मध्ये लाखो माणसं उपाशी मेली. युद्ध आणि सरकारही त्याला कारण, असं तू भांडशील. मान्य. आमच्याकडे कोणी उपाशी राहणार नाही, तांदूळ विकत मिळतो. पण आई कणगीकडे बघत म्हणाली, "बियाण्याचा काय करतलस?" तुझ्या आजीने दिलेलं वालय भाताचं बी ते, दरवर्षी याच कुणग्यातून राखायचो. त्याच्या पेजेची चव तुला सांगायला नको. बांधाकडच्या चार ओळी वाचल्यात, तेवढ्याच लोंब्या निवडून वेगळ्या बांधल्या. जूनमध्ये १० लिटर पाण्यात ३०० ग्रॅम मीठ घालून त्यात बी टाकीन, तरंगेल ते फेकीन. रोगट पेंढा मात्र शेतात ठेवणार नाही, बुरशी त्यात टिकते.

तुझ्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला. पोरीची यंदा दहावी ना? वहिनींना नमस्कार.

तुझ्या काकांकडे आजीचं वालय अजून असेल का? पायलीभर पुरे. विचारून लगेच कळव, त्यांनी ते दळायला काढण्याआधी.

तुझा,
भाई