पांढरी शेवंती पांढरीच असते

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

काल रात्री आईच्या डोळ्यात मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतरचा शेवटचा ड्रॉप घातला. सहा आठवडे पुरे झाले. तुम्ही कॅलेंडरवर काढून दिलेलं शेवटचं फूल तिने स्वतः खोडलं, आणि मी तुम्हाला लिहायला बसले.

आई तीस वर्षं दादरच्या फूलबाजारात हार-गजरे करते. मानखुर्दहून पहाटेची लोकल, कुर्ल्याला बदली, उजाडायच्या आत सुई हातात. गेल्या दिवाळीत एका गिऱ्हाइकाने हार परत आणला. पांढऱ्या शेवंतीत मध्येच पिवळी फुलं ओवलेली होती. "मला तर सगळी सारखीच दिसली गं," आई म्हणाली, आणि मी तिच्यावर चिडले. लक्ष कुठे असतं तुझं, असं चारचौघांत बोलले. मोतीबिंदूने डोळ्यातलं भिंग गढूळ, पिवळट होतं, पांढऱ्या-पिवळ्यातला फरक कळेनासा होतो, हे तुम्ही सांगितलंत तेव्हा ते बोलणं आठवून मला रडू आलं.

एका दवाखान्यात आम्हाला 35,000 रुपये सांगितले होते. शेजारपाजारचे म्हणत, पिकू दे, मग काढू. त्यातच महिने गेले. तुम्ही वस्तीतल्या डोळ्यांच्या शिबिरात आईशेजारी सतरंजीवर बसलात आणि समजावलंत, की आता पिकण्याची वाट बघायची नसते. फार पिकला तर भिंग कडक होतं, ऑपरेशन अवघड होतं, डोळ्यातला दाब वाढून नजर कायमची जाऊ शकते.

आईची खरी भीती वेगळी होती. आजीचं ऑपरेशन झालं त्या काळी भिंग काढून टाकायचे आणि बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा द्यायचे. तो घालून आजी दारालाच धडकायची. हे ऐकल्यावर तुम्ही पिशवीतून नमुन्याची लेन्स काढून आईच्या तळहातावर ठेवलीत. मसुरीच्या दाण्याएवढी, दोन बाजूंना केसासारखे दोन हात. ही डोळ्याच्या आत बसते आणि आतच राहते, म्हणालात. मदुराईच्या ऑरोलॅबने 1992 पासून या लेन्स आपल्याकडेच बनवायला घेतल्या, म्हणून त्या गरिबाला परवडू लागल्या, हेही तुमच्याकडूनच कळलं. आई किती तरी वेळ तळहात डोळ्यांजवळ धरून बसली होती.

ऑपरेशनच्या दिवशी रक्तातली साखर 290 निघाली आणि आम्हाला परत पाठवलं. जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून ते गरजेचंच होतं, पण मला वाटलं, झालं, आता कोण विचारतंय. चौथ्या दिवशी तुमचा फोन आला. रविवारी, तुमच्या सुट्टीच्या दिवशी, तुम्ही चार जिने चढून घरी आलात, डब्यातल्या गोळ्या बघितल्यात, आईला चहातली साखर सोडायला लावलीत. ताई, ऑपरेशन डॉक्टरांनी केलं, त्यांचे उपकार आहेतच. पण तुम्ही त्या रविवारी आला नसतात तर आई परत दवाखान्याच्या पायऱ्या चढली नसती.

आणि ती फुलं! आईला वाचता येत नाही म्हणून तुम्ही कॅलेंडरवर ड्रॉपची फुलं काढून दिलीत. पहिल्या आठवड्यात रोज सहा, मग पाच, मग चार, अशी एकापर्यंत. एक ड्रॉप, एक फूल खोडायचं. एकही चुकलं नाही.

पट्टी काढली तेव्हा तिने आधी भिंतीकडे पाहिलं आणि विचारलं, "ही निळी आहे?" त्या सोमवारपासून निळ्या रंगाचं तिला वेड लागलंय. बाजारात अजून जात नाही, पण घरी पाव किलो शेवंती आणून दिली. पांढरी एकीकडे, पिवळी एकीकडे, झरझर वेगळी केली तिने. मी नुसती बघत राहिले.

एक पैसा घेतला नाहीत, उलट जेवण दिलंत, काळा चष्मा दिलात. दुसऱ्या डोळ्यासाठी पुढच्या मंगळवारी येतोय. साखर काल 140 होती. आईने तुमच्यासाठी मोगऱ्याचा गजरा करायचं ठरवलंय. फुलं दवाखान्यात चालत नाहीत हे तिला माहीत आहे, म्हणून तुम्ही जरा बाहेरच्या बाकापाशी या.

तुमची,
मानखुर्दच्या गजरेवाल्या मावशींची मुलगी