सी. डी. देशमुखांची पूर्ण कारकीर्द मुलांपुढे यावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या स्पर्धा परीक्षेच्या पानावर चिंतामणराव देशमुखांचे नाव अधूनमधून येते, पण एका ओळीपुरते : आयसीएस (इंग्रजी अमदानीतली वरिष्ठ सनदी सेवा), रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर. अमळनेरच्या ज्या अभ्यासिकेचे काम मी पाहतो, तिथली मुलेही तेवढेच पाठ करतात. चोपडा, पारोळा, शिरपूरकडची ही मुले. सकाळी कळण्याची भाकरी अन् ठेचा बांधून येतात, ती रात्री दिवे मालवेपर्यंत हलत नाहीत. भिंतीवर पास झालेल्यांचे फोटो लागतात, निकालाला गुलाल उधळला जातो. पण पद मिळाल्यावर काय करायचे, हे कुणी सांगत नाही. देशमुखांचे आयुष्य नेमके तेच सांगते.

महाडजवळच्या नाते गावी 1896 साली जन्म, मॅट्रिकला संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती, 1918 मध्ये आयसीएसला पहिले. हे सगळ्यांना तोंडपाठ. 1950 मध्ये ते केंद्रात अर्थमंत्री झाले. 1956 साली मुंबई महाराष्ट्रापासून तोडायचा घाट घातला गेला, तेव्हा त्यांनी ते पद सोडले. लोकसभेत उभे राहून कारणे स्पष्ट सांगितली आणि बाहेर पडले. एवढ्या मोठ्या खुर्चीवरून असे उठायला काय लागते, यावर अभ्यासिकेत तासभर बोलता येईल.

त्यानंतर ते घरी बसले नाहीत. विद्यापीठ अनुदान आयोगाचे (यूजीसी) अध्यक्ष झाले. आयोगाला कायद्याचा आधार मिळाला तो त्याच वर्षी. आज आपल्याकडच्या महाविद्यालयांत जुनी पुस्तके उघडली की यूजीसी अनुदानाचा शिक्का दिसतो. त्या व्यवस्थेची सुरुवातीची घडी बसवणाऱ्यांत हा माणूस होता. 1962 ते 1967 ते दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. ते कुलगुरू झाले त्याच वर्षी तिथे पत्रद्वारा पदवीशिक्षण सुरू झाले, देशात पहिल्यांदाच. धडगाव-अक्कलकुव्यातले एखादे पोरगे आज मजुरी सांभाळून मुक्त विद्यापीठातून बी. ए. करते, ती वाट तेव्हापासूनची आहे. मला त्यांच्या कारकिर्दीतला हा भाग गव्हर्नरपदाहून मोठा वाटतो.

आपल्या उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाला 1990 मध्ये स्वतंत्र अस्तित्व मिळाले, त्याआधी इथल्या मुलांना लहानसहान कामासाठी पुण्याकडे पाहावे लागे. विद्यापीठ उभे करणे हे किती कष्टाचे प्रशासन असते, हे खानदेशला वेगळे सांगायला नको.

14 जानेवारी हा देशमुखांचा जन्मदिवस. संक्रांतीच्या धामधुमीत तो दरवर्षी राहून जातो. येत्या वर्षी त्या दिवशीचे आपले पान त्यांच्या 1956 नंतरच्या कामाला द्यावे, ही विनंती. विद्यापीठानेही त्या आठवड्यात जळगाव, धुळे आणि नंदुरबारला एकेक व्याख्यान ठेवावे. आमच्या अभ्यासिकेतली मुले मी स्वतः घेऊन येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त ग्रंथपाल,
अमळनेर, जि. जळगाव