पायाळूचा खुबा

पुणे, २४ जुलै

ती. आई-बाबांना,
सा. न.

टाके निघाले. खुबा बदलल्याला आज बारावा दिवस. वॉकर धरून गॅलरीपर्यंत दोनदा जाऊन आले. फोनवरच सांगितलं असतं, पण आई रडायला लागते, मग बाबा फोन घेतात आणि 'जेवलीस का' एवढं विचारून ठेवून देतात. म्हणून लिहिते आहे.

आई, ऑपरेशनच्या आदल्या रात्री तू पुन्हा ग्रहणाचं काढलंस. १९८० च्या फेब्रुवारीतलं सूर्यग्रहण, तुला पाचवा महिना, आणि तू विळीवर बसून काकडी चिरलीस. अगं, कारवारला तर ते खग्रास होतं. मग तिकडच्या सगळ्या पोटुशींच्या पोरी लंगडत जन्मल्या का? आजी गेली, तिचं वाक्य मात्र तू अजून पदराला बांधून ठेवलंयस.

सर्जनचा मला पहिला प्रश्न होता, "पायाळू होतात का?" म्हणजे पायाकडून जन्मलात का. जन्मापासून खुबा नीट न बसण्याचं हे दुखणं मुलींत, त्यातही पहिल्या बाळात आणि पायाळूंत जास्त. डाव्या पायाला अधिक. मी सगळीकडे बसते. मांडीच्या हाडाचा गोळा वाटीत नीट बसला नाही तर वाटी खोल होत नाही, तिची बशीच राहते. वाडीतल्या निम्म्या लोकांची उसण माझी लाथ खाऊन गेली म्हणे, आणि खुबा बिघडलेला माझाच!

आजी दुपट्यात पाय सरळ करून घट्ट बांधायची, त्याने थोडी भर पडली असेल. खोटं कशाला सांगू? पण तू मला सदा कडेवर घेऊन असायचीस, आणि पाय असे फाकलेले असले की गोळा वाटीत राहायला मदतच होते. तान्ह्या बाळाचा खुबा सोनोग्राफीने बघायची पद्धत ऑस्ट्रियातल्या डॉ. ग्राफ यांनी मांडली तीच मुळी १९८० साली. माझ्या बारशापर्यंत ती चिपळूणला कुठून पोचणार होती?

बाबा, मुंबईहून माझं पहिलं ऑपरेशन करून परत येतानाची एसटी आठवते? मी तीन वर्षांची, कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर, पायांमध्ये लाकडी दांडा. दांड्याला धरून उचलायचं नाही असं बजावलेलं, म्हणून तुम्ही मला दोन्ही हातांवर ताटासारखं धरून चढलात. मी एकटीच दोन सीटा अडवल्या. कंडक्टरने दोन तिकिटं फाडली आणि भाजीवाल्याशी चार आण्यांसाठी भांडणारे तुम्ही गुपचूप पैसे दिलेत. त्या ऑपरेशनवर मी पंचेचाळीस वर्षांची झाले. शाळा, नोकरी, दोन बाळंतपणं, सगळं त्याच खुब्यावर. मग कूर्चा झिजून हाडावर हाड घासायला लागलं.

आता आत सिरॅमिकचा गोळा आहे, टायटॅनियमची वाटी आणि मध्ये प्लास्टिकचं अस्तर. वाटीला वरून आधार कमी होता, म्हणून काढलेल्या माझ्याच गोळ्याचा तुकडा स्क्रूने बसवून छप्पर केलंय. टाकाऊतून टिकाऊ. बाबांना आवडेल. डावा पाय तीन सेंटिमीटर आखूड होता, तो जवळजवळ बरोबरीला आलाय. मला मात्र तो लांबच झाल्यासारखा वाटतो. कमरेला सवय व्हायला काही महिने लागतील म्हणे.

जिना चढताना उजवा पाय आधी, उतरताना डावा. झोपताना गुडघ्यांमध्ये उशी. पाटावर बसणं, मांडी घालणं, उकिडवं बसणं सध्या बंद, म्हणून गणपतीला येत नाही. दिवाळीला येईन. तोवर मागच्या संडासात कमोड बसवून घ्या, तुम्हा दोघांनाही तो हवाच आहे. आणि आई, मी खुर्चीवर बसून जेवले तर शेजारच्या काकूंना समजावत बसू नकोस.

बाबा, माझ्या त्या तपकिरी चपला पडवीत दाराआड असतील. डाव्या चपलेला तुम्ही दरवर्षी जास्तीचा तळ लावून आणायचात, तो काढून ठेवा.

तुमची,
मनू