पुरावा काय, असं तू विचारलं होतंस

न्यू ग्लासगो, नोव्हा स्कोशिया
फेब्रुवारीतला एक रविवार, बाहेर उणे सोळा

प्रिय सुमे,

आधी मनसोक्त शिव्या घालून घे, मग पुढे वाच. दिवाळीला फोन केला नाही, तुझ्या मेसेजना नुसते अंगठे पाठवले आणि आता एकदम हे लांबलचक पत्र. तब्येत ठीक आहे. साखर गोळ्यांनी ताब्यात, गुडघे कशानेच ताब्यात नाहीत. हे मजेत. बर्फ उपसायचं नवं यंत्र घेतल्यापासून शेजाऱ्यांचंही अंगण उपसून येतात.

लिहायचं कारण वाकळ. हो, तीच, नानीची, जिच्यावरून आपला अबोला झाला होता. लगेच कागद फेकू नकोस.

आमच्या त्या आजीबाई, ज्यांचा ब्लूबेरीचा मुरंबा तू पोळीला लावून बाटली रिकामी केली होतीस, पानगळीच्या सुमारास वृद्धाश्रमात गेल्या. जाण्याआधी एका संध्याकाळी त्यांनी मला बोलावलं आणि चादरीत गुंडाळलेली एक वळकटी माझ्या हातात ठेवली. त्यांच्या आजीने केलेली मॅट. तू पाहिली आहेस, कोचामागची, गुलाबांची. म्हणाल्या, ‘हिला हात कसा लावायचा ते तुला कळतं. माझ्या लेकीला हे पायपुसणं वाटतं.’ मी नको नको म्हटलं, आपल्या पद्धतीने, म्हणजे हात पुढे करूनच. घेतली. खोलीत आम्ही दोघीच होतो. आता कळलं ना पत्र कुठे चाललंय?

परवा रात्री लेकीचा फोन आला, कॅल्गरीहून. इथली निम्मी पोरं तिकडेच, अल्बर्टात तेलाच्या नोकऱ्यांवर. बाई गोड बोलली. आईची काळजी घेतल्याबद्दल आभार वगैरे झाले आणि मग, ‘ती जुनी मॅट तुमच्याकडे आहे असं कळलं. आईच्या नातीचं जूनमध्ये लग्न आहे, तिला घराण्यातलं काहीतरी हवंय.’ भांडली असती तर मला सोपं गेलं असतं. मी म्हटलं, ‘आहे, तिची दुरुस्ती चालू आहे.’ खोटं नाही. पण ते ज्या घाईने माझ्या तोंडून आलं, ती घाई मी ओळखते. नानीची सेवा करणाऱ्या हौसाबाईकडे तू वाकळ मागायला गेलीस, तेव्हा तिने तुला दारात काय सांगितलं होतं? ‘ताई, धुवायला टाकलीया.’

थांब, आधी दुरुस्तीचं सांगते, नाहीतर तुला वाटेल मी थापा मारते आहे.

या मॅटांचा पाया म्हणजे आपलं गोणपाट. खरोखरच आपलं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतर बंगालचा ताग स्कॉटलंडमधल्या डंडीच्या गिरण्यांतून आणि पुढे हुगळीकाठच्या गिरण्यांतून पोत्यांच्या रूपाने जगभर गेला. साखर, पीठ, दाणा संपला की रिकामं पोतं इथल्या बायकांच्या हाती. ते उसवायचं, लाकडी चौकटीवर ताणून बसवायचं आणि जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या आकडीने खालून वर ओढत जायचं, एकेक लूप. गाठ नाही, शिवण नाही. शेजारच्या लुपांची दाटी आणि तागाची पकड, एवढ्यावर सगळं उभं. म्हणून तर मांजराने एक टोक ओढलं की सगळी ओळ सुटत येते.

लोकर शंभर वर्षं सहज काढते. ताग नाही. तो आपोआप वाळतो, कडक होतो आणि हात लावला की मोडतो. आजीबाईंच्या मॅटच्या कोपऱ्यात ‘1911’ आहे, लाल पट्ट्यांनी भरलेलं, आणि शेवटच्या एकाला लागूनच तळहाताएवढं भोक. वळकटी उलगडली तेव्हा चादरीत नुसता तपकिरी भुगा. मी आता मागून लिननचा तुकडा लावते, सुटलेले लूप एकेक करून जुन्या तागातून आणि नव्या लिननमधून दोन्हींतून घालते. कुणी कुणी मागे रबराचा चीक फासून मोकळे होतात. त्यांना माझा शाप आहे. पुढच्या दुरुस्तीचा रस्ताच बंद होतो आणि तो चीक वाळला की सगळंच घेऊन गळतो.

आता मजा ऐक. तो लाल रंग म्हणजे आजीबाईंच्या आजोबांची आतली लांब चड्डी. लोकरीची. इथल्या हिवाळ्यात सगळे पुरुष घालायचे, आणि नीट ठिगळ लावण्यापलीकडे गेली की ती रंगाच्या पातेल्यात. आजीबाई हे पाहुण्यांना चहा देता देता सांगायच्या. म्हणजे कॅल्गरीची नात लग्नात पणजीच्या वडिलांची चड्डी मागते आहे. हे ह्यांना सांगितलं तर इतके हसले की कवळी सांभाळावी लागली. तिकडे न्यूफाउंडलंडच्या उत्तर टोकाला सेंट अँथनीत डॉ. ग्रेनफेल यांच्या वैद्यकीय मिशनचा थाट वेगळा. त्यांनी 1920 च्या दशकाअखेरीस अमेरिकेतल्या बायकांकडून विटलेले रेशमी मोजे मागवले आणि कोळ्यांच्या बायकांनी त्यातून अस्वलं, कुत्र्यांच्या गाड्या, हिमनग भरले. इतकं बारीक काम, की लांबून छापील चित्र वाटावं. आज त्या मॅटा संग्राहक काचेत ठेवतात. आमच्याकडे चड्डीच.

पण खरी मजा पुढेच. या मॅटची घरात एक कथा आहे. आजीने चुलीतल्या कोळशाने पोत्यावर गुलाब काढले, मनाने, चित्रकलेचा धडा न घेता. आजीबाईंनी मला सांगितली, लेकीने परवा फोनवरही सांगितली, तीच, जवळजवळ त्याच शब्दांत. आणि मी जेव्हा भोकाभोवतीचे लूप काढले तेव्हा खाली छापील रेषा. सरळ, सुबक, विकतची. आमच्याच गावात जॉन गॅरेट नावाच्या गृहस्थाने 1892 मध्ये गोणपाटावर नक्षी छापून विकायचा धंदा सुरू केला होता. त्याच्याही आधी अमेरिकेतल्या मेन राज्यात एडवर्ड फ्रॉस्ट नावाचा फिरता भांडेविक्या पत्र्याचे साचे कापून तेच करायचा. म्हणजे आजीने दुकानातून नक्षी आणली आणि घरात वेगळं सांगितलं! मला ही बाई फार आवडली. शिवाय तिने छापलेलं सगळं भरलंच नाहीये. कोपऱ्यात छापील पान होतं, तिथे तिने सरळ सालच भरलं. दुसऱ्या बाजूला कळी छापलेली आहे आणि भरलंय ते काहीतरी तपकिरी, चार पायांचं. आजीबाई कुत्रा म्हणायच्या. मला बकरी वाटते.

हे लेकीला सांगायचं की नाही? ह्यांचं म्हणणं, सांगू नये, लग्नघर आहे. माझं म्हणणं, पान आणि बकरीचं सांगितलंच पाहिजे, तो तर तिचा खरा हात.

सुमे, मी विषय टाळते आहे हे तुझ्या लक्षात आलंच असेल.

तेव्हा तू काय म्हणाली होतीस ते मला सगळं आठवतं. नानीने वाकळ हौसाबाईला दिली, हे फक्त हौसाबाई सांगते, पुरावा काय? नानीला तर शेवटी शेवटी तू सुमन की तुझी आई, हेही कळत नव्हतं. मी म्हटलं होतं की नानीचं अंग जिने पुसलं तिला नानीची वाकळ मिळाली तर काय बिघडलं, चिंध्याच ना. तू ‘चिंध्या’ धरून बसलीस. मग दिवाळीपासून आंब्यापर्यंत अबोला, आणि तोही शेवटी तुझ्या भावाच्या त्या भयाण मुंजीत मठ्ठ्याच्या पातेल्यापाशी मिटला. माझं मत आजही तेच आहे, हे सांगून ठेवते. नानीने ती हौसाबाईला दिली होती, आणि दिली नसती तरी तिचीच होती. पण आता ते मोठ्याने म्हणायला गेले की वाटतं, तू समोर बसून म्हणते आहेस, हो का, मग तुझ्याकडची?

आजीबाईंना विचारून पाहिलं. परवाच्या फोननंतर दुसऱ्याच दिवशी गेले. बरोबर मॅटचा फोटो नेला होता. फोटो बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, ‘ही मागच्या दाराशी टाकू नकोस, बूट पुसतील.’ मी म्हटलं, ही तुम्ही मला दिली, आठवतं? तर म्हणाल्या, ‘तू कोणाची गं?’ मग मला त्यांनी बिस्कीट दिलं.

म्हणजे पुरावा नाही. खोलीत आम्ही दोघीच, आणि त्यातली एक आता तिथे नाही.

ह्यांचा सल्ला तुला माहीतच आहे: देऊन टाक आणि सुट. दुकानात नवीन गालिचा मिळतो. आमच्या चिरंजीवांना फोनवर सगळं ऐकवलं तर म्हणाले ‘कॉम्प्लिकेटेड’, आणि पुढे त्यांची मीटिंग होती. मी स्वतः एक मॅट करते आहे ना, ह्यांचा पुण्याचा तपकिरी सूट, माझा एनसीसीचा कोट आणि चर्चच्या जुन्या बाजारातून आणलेले लोकरी घागरे. गरम पाण्यात आटवून घट्ट केलेले, पाव इंच पट्ट्या. कांद्याच्या सालांनी रंगवलेला पिवळा असा आलाय की तू मागशील. ही तुला ठेवू का, असं त्यांना विचारलं होतं. ‘कूल’ म्हणाले. तेव्हा कॅल्गरीच्या लेकीला मी नावं ठेवावीत असं काही नाही.

पण मला राग येतो तो तिचा नाही. नात ती मॅट ताणून, खिळे मारून, फ्रेम करून भिंतीवर लावणार आहे म्हणे. शंभर वर्षांचा ताग! आठवड्यात चौकटीत बकरी राहील आणि गुलाब जमिनीवर. हिला घडी घालायची नाही, लूप बाहेर ठेवून वळकटी करायची, झटकायची नाही, पूर्वीसारखं कोरड्या बर्फावर पालथी घालून बडवायची तर मुळीच नाही. हे सगळं कुणी त्या मुलीला सांगितलंय का? मी सांगू? आणि सांगितलं तर ‘परकी बाई आमच्या आजीच्या मॅटवर आम्हालाच शिकवते’ असं होईल की नाही? तू हौसाबाईला अगदी हेच म्हणाली होतीस, वाकळ सोड्यात भिजवू नको असं ती म्हणाली तेव्हा.

एक गंमत. दोन महायुद्धांच्या मधल्या काळात इकडे गावोगाव फेरीवाले यायचे, नवंकोरं चकचकीत लिनोलियम द्यायचे आणि बदल्यात घरातल्या मॅटा घेऊन जायचे. आपल्या बोहारणीच. बायका खूश, पुसायला सोपं. मॅटा अमेरिकेत चांगल्या भावाला विकल्या जायच्या. आजीबाईंच्या आजीकडे एकदा असाच आला होता, तर तिने त्याला चहा पाजून रिकाम्या हाताने वाटेला लावलं. तिला कोणी लिहून दिलं नव्हतं की पुढे कोण घेईल. तिला फक्त ती बकरी द्यायची नव्हती.

तुझं काय? चिन्मयच्या पोस्टिंगचं ऐकलं, अभिनंदन, आणि सून आवडते असं तू लिहिलंस म्हणजे नक्कीच काहीतरी बिनसलंय, ते सविस्तर लिही. डोळ्याचं ऑपरेशन झालं ना? दोन्ही? सांगलीत यंदा पूर नाही आला हे पेपरात वाचलं. माईंना नमस्कार.

लेक पुढच्या रविवारी परत फोन करणार आहे. दुरुस्ती तोवर होणार नाही, पण मार्च अखेर होईल. मनात असं आहे की नातीलाच इथे बोलवावं. यावं चार दिवस, राहावं, आकडी धरायला शिकावं, आजीबाईंना भेटावं, मग वळकटी काखेत घालून न्यावी. नाही आली तर मॅट माझ्याकडे. हे न्याय्य आहे की ही माझी धुवायला टाकलीया, ते तू सांग. तुझ्याइतकं कोणी मला खोटं पाडू शकत नाही.

आणि एक विचारायचं राहिलंच आहे इतकी वर्षं. तू ती वाकळ हौसाबाईकडून आणलीस. पुढे काय केलंस तिचं? वापरतेस? ट्रंकेत आहे? उंदरांनी खाल्ली? मला राग येणार नाही, खरं ते सांग. रविवारच्या आत. लिहायचा कंटाळा आला तर फोन कर, पण व्हिडिओ नको, केस रंगवलेले नाहीत.

तुझी,
शालू

ता. क. ब्लूबेरीचा मुरंबा आता मीच करते. आजीबाईंइतका नाही जमत. येणाऱ्याबरोबर पाठवेन.