हवेची वाट दाखवणाऱ्या काकांस जाहीर आभारपत्र

नागपूर

आदरणीय काका यांस,
सा. न. वि. वि.

आमच्या जुन्या स्विफ्ट गाडीचा मागचा स्पॉयलर (छताच्या मागच्या कडेला हवा वळवणारी पाती), पुढचा स्प्लिटर (बंपरखाली पुढे आलेली आडवी फळी) आणि इंजिनाखालचा सपाट पत्रा आपल्या इतवारीतील कुलरच्या दुकानात तयार झाला, त्याबद्दल मी आपले आभार तोंडी मानलेच आहेत. तरीही हे पत्र जाहीरपणे लिहावेसे वाटले, कारण आपण केलेली मदत पत्रा कापून वाकवून देण्यापुरती नव्हती. गाडीला पंख बसवून देणारे कारागीर आपल्या शहरात पुष्कळ आहेत. काहीही बसवण्याआधी हवा कुठून येते, कुठे दबते आणि कुठून निघून जाते हे मोजायला लावणारे मात्र मला आपण एकटेच भेटलात. आपले नाव छापू नये ही आपली अट मी पाळली आहे.

वाचकांसाठी थोडी पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. ही गाडी केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी ठेवलेली आहे. नागपुरात तसा ट्रॅक नसल्यामुळे ती ट्रेलरवर चढवून आम्ही चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टई येथील सुमारे 3.7 किलोमीटर लांबीच्या सर्किटवर नेतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मुळे असे बदल केलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही, आणि येऊही नये. अडचण वेगवान वळणांची होती. ताशी शंभराच्या पुढे वळणात असताना अ‍ॅक्सिलरेटर किंचित सोडला तरी गाडीचा मागचा भाग हलका होऊन बाहेर सरकू लागे आणि स्टिअरिंगने त्याला सतत आवरावे लागे. अशा पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या गाडीत बहुतेक वजन पुढेच असते. अ‍ॅक्सिलरेटर सोडताच आणखी भार पुढे सरकतो, आणि त्याच वेळी छताच्या मागच्या उतारावरून वळणारी हवा तेथे ओढ, म्हणजे कमी दाब, निर्माण करून मागची बाजू वर उचलत असते. ही उचल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ताशी 60 किलोमीटरला ती जेवढी असेल त्याच्या चौपट 120 ला होते, म्हणून गावात सरळ वाटणारी गाडी ट्रॅकवर वेगळीच वागते. हा केवळ जुन्या किंवा स्वस्त गाड्यांचा दोष नाही. ऑडीची पहिली टीटी गाडी युरोपात मोठ्या वेगात झालेल्या अपघातांनंतर कंपनीने परत बोलावली आणि 2000 सालच्या सुमारास तिला मागे एक छोटा स्पॉयलर व इलेक्ट्रॉनिक स्थिरता यंत्रणा बसवून दिली, हे मोटारींच्या इतिहासात नोंदलेले आहे.

मी आपल्याकडे एका तयार पंखाचे चित्र घेऊन आलो होतो. ते पाहून आपण एवढेच म्हणालात, "पहिले हवेची निघायची वाट पाहा, मग यायची." चाळीस वर्षांहून अधिक काळ कुलर बांधणाऱ्या माणसाचे हे वाक्य होते. खोलीची एखादी खिडकी उघडी नसेल तर कितीही मोठा पंखा लावला आणि वाळ्याच्या ताट्या कितीही भिजल्या तरी कुलर गार हवा देत नाही, हे नागपूरच्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मोटारीच्या नाकातून आत शिरणाऱ्या हवेलाही तोच नियम लागू पडतो, हे मला आपल्याकडूनच उमगले.

त्यानंतर आपण जे साधन सुचवले त्याबद्दल सविस्तर लिहिलेच पाहिजे. गवंडी पातळी पाहण्यासाठी वापरतात तो पारदर्शक लेव्हल पाइप आपण यू आकारात एका फळीवर बसवला, त्यात रंगीत पाणी भरले आणि शेजारी पट्टी चिकटवली. एका टोकाला बारीक नळी जोडून तिच्या शेवटी मध्यभागी छिद्र असलेली पातळ पितळी चकती बसवली, म्हणजे ती गाडीच्या पत्र्यावर टेपने चिकटवली की त्या जागेचा दाब पाण्याच्या उंचीवरून वाचता येतो. छिद्र पत्र्याला समांतर हवे, वाऱ्याकडे तोंड करून नको, ही काळजी आपण पहिल्या दिवसापासून घेतलीत. या साधनाची एक सोय मला फार मोलाची वाटते. पाण्याचा एक मिलिमीटर फरक म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर जवळजवळ बरोबर एक किलो भार. त्यामुळे समीकरणे न मांडताही पट्टीवरचा आकडा थेट वजनाच्या भाषेत बोलतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत समोरून येणाऱ्या वाऱ्याचा पूर्ण दाब ताशी 60 किलोमीटरला सुमारे 15 मिलिमीटर, 80 ला 27 आणि 120 ला 60 मिलिमीटर भरतो. वर्गाचा नियम पाण्यानेच डोळ्यांसमोर मांडला.

पाइपाच्या दुसऱ्या टोकाचा प्रश्न त्याहून नाजूक होता, कारण धावत्या गाडीच्या आतला दाब बाहेरच्या शांत हवेएवढा नसतो. म्हणून ते टोक आम्ही गाडी उभी असताना बंद केलेल्या बाटलीत सोडले. गाडी नुसती उन्हात उभी असतानाही पाणी हळूहळू सरकते आहे, हे आपल्याच नजरेने टिपले आणि बाटलीच्या जागी आपण थर्मास आणून ठेवला. मी घरी जाऊन हिशेब केला तेव्हा कळले की बंद बाटलीतील हवा एका अंशाने तापली तरी दाब सुमारे 30 मिलिमीटर पाण्याइतका वाढतो, म्हणजे 80 च्या वेगाला समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या सगळ्या दाबापेक्षाही जास्त. रस्ता एक मीटर चढला तरी पट्टीवर साधारण एक मिलिमीटरचा फरक पडतो. त्यामुळे बुटीबोरीकडच्या एका खासगी आवारातील सपाट, सरळ रस्ता मालकांच्या लेखी परवानगीने वापरून, वेग स्थिर ठेवून, थोड्या थोड्या अंतराच्याच फेऱ्या मारायच्या आणि त्याच रस्त्यावर उलट दिशेनेही मोजायचे, ही शिस्त ठरली. त्या मालकांचेही येथे आभार मानतो.

या मोजणीतून पहिला निकाल लागला तो बोनेटचा. इंजिन तापू नये म्हणून बोनेटच्या मागच्या बिजागऱ्यांखाली वॉशर घालून ती कड उचलण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास दिसते. पण समोरच्या काचेच्या पायथ्याशी चकती लावली तेव्हा पाण्याने तेथे दाब जास्त असल्याचे दाखवले. प्रवाशांसाठी बाहेरची हवा आत घेण्याची जाळी बहुतेक कंपन्या नेमकी तेथेच का देतात, त्याचे कारण हेच आहे. अशा जागी फट ठेवली तर वेगात गरम हवा बाहेर पडण्याऐवजी बाहेरची हवाच आत ढकलली जाते. उलट बोनेटच्या पुढच्या कडेपासून थोडे मागे चांगली ओढ आढळली. आपण तेथेच रेडिएटरच्या मागच्या अंगाला जाळीच्या दोन वाटा कापल्या, त्यांच्या पुढच्या कडेला पत्र्याचा छोटा उंचवटा दिला आणि रेडिएटरच्या चारही बाजूंच्या फटी फोम व पत्र्याने बुजवल्या. आलेली सगळी हवा आता रेडिएटरमधूनच जाते. त्यामुळे नाकावरचे तोंड काही प्रमाणात झाकूनही इंजिनाचे तापमान काबूत राहिले, आणि जी हवा पूर्वी इंजिनाखाली कोंडून पुढचा भाग उचलत होती ती वरून निघू लागली.

पुढची बाजू अशी थोडी सुधारल्यावर स्प्लिटर लगेच बसवण्याचा मोह कुणालाही झाला असता. आपण मात्र मागचे काम पुरे झाल्याशिवाय पुढचा स्प्लिटर बसवणार नाही असे ठाम सांगितलेत, आणि या साऱ्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा निर्णय माझ्या मते तोच होता. हवेचा दाब वजन न वाढवता टायरची पकड वाढवतो, हे खरे. पण तो केवळ पुढे वाढला तर वेगाबरोबर पुढची पकड वाढत जाते, मागची मागेच राहते, आणि गाडी सरळ रस्त्यावरही अस्वस्थ होते. वेग वाढेल तसा मागच्या चाकांचा वाटा कमी होता कामा नये, हे स्थिरतेचे पहिले गणित आहे.

मागच्या भागासाठी लोकरीचे बोटभर तुकडे छतावर आणि काचेवर चिकटवून शेजारच्या गाडीतून चित्रीकरण केले. छतावर धागे शेवटच्या कडेपर्यंत शांत, सरळ पडून होते. काचेवर ते वाटेल तसे नाचत होते. म्हणजे हवा छताच्या कडेपर्यंत चिकटून येते आणि खाली वळता वळता सुटते. त्या कडेला, हवा सुटण्याआधीच, छत मागे वाढवणारा स्पॉयलर बसवायचा, हे त्यावरून ठरले. तो आपण दुकानांच्या पाट्यांसाठी वापरतात त्या एसीपी शीटचा (दोन बाजूंना अ‍ॅल्युमिनिअम आणि मध्ये प्लास्टिक असलेल्या फळीचा) केलात आणि मागच्या कडेला अ‍ॅल्युमिनिअमची उभी एल-पट्टी लावलीत. या पट्टीला मोटारींच्या जगात गर्नी फ्लॅप म्हणतात. अमेरिकन शर्यतपटू डॅन गर्नी यांनी 1971 मध्ये फिनिक्सच्या ट्रॅकवर बॉबी अन्सर यांच्या चाचणीत तो प्रथम वापरला. पट्टीच्या पुढे हवा थोडी अडून दाब वाढतो, आणि पट्टी लहान असेल तर त्यासाठी मोजावी लागणारी हवेच्या अडथळ्याची किंमतही कमी राहते. आमच्या इंजिनाची ताकद बेताची आहे, आणि हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ही काटकसर महत्त्वाची होती. पट्टी बोल्टवर ठेवल्यामुळे तिची उंची बदलून पाहता येते, आणि पुढच्या-मागच्या तोलाची शेवटची जुळणी आम्ही तिनेच केली.

मागे डिफ्यूझर, म्हणजे गाडीखालची हवा मागे मोकळी करणारा चढता तळ, करून देण्यास आपण नकार दिलात, तोही मला पटला. खालची जागा इंधनटाकी, आडवा दांडा आणि सायलेन्सरने व्यापलेली आहे. हवा चिकटून राहावी इतका सौम्य, साधारण दहा अंशांच्या आतबाहेरचा चढ तेथे देताच येत नाही, आणि शोभेची पाती लावणे आपल्या स्वभावात नाही.

जोडकामाविषयी लिहिल्यावाचून राहवत नाही. 1969 मध्ये बार्सिलोनातील मोंजुइकच्या फॉर्म्युला वन शर्यतीत लोटस संघाच्या ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट या दोघांचेही उंच खांबांवरचे मागचे पंख धावताना मोडले आणि दोन्ही गाड्या आदळल्या. त्यानंतर लगेचच तसे उंच पंख बंद करण्यात आले. जगातले उत्तम अभियंते जेथे फसले तेथे आपण प्रत्येक बोल्टचा विचार केलात. स्पॉयलरचा भार मागच्या दाराच्या पातळ पत्र्यावर पडू नये म्हणून आतून रुंद पट्ट्या दिल्या. स्प्लिटर बंपरला न अडकवता थेट सांगाड्याला बांधला आणि पुढे टर्नबकल (ताण कमीजास्त करणारा आट्यांचा जोड) असलेल्या दोन ताणपट्ट्यांनी धरला. मग पाण्याने भरलेले 20 लिटरचे कॅन एकामागून एक त्यावर ठेवून, हिशेबातील भाराच्या कितीतरी पट वजनाने तो पारखला. पत्र्याच्या सर्व कडा आत वळवल्यामुळे तो थरथरत नाही आणि हातही कापत नाही. सायलेन्सरपासून राखलेले अंतर, ऑइल काढण्यासाठी सोडलेले झाकण, जॅक लावायची मोकळी जागा, या गोष्टी पुढे देखभाल करताना किती उपयोगी पडतात हे मी आता अनुभवतो आहे.

चेन्नईच्या ट्रॅकवर काय झाले, ते आपण मला विचारले होते. मुख्य सरळ पट्ट्यानंतरच्या वेगवान वळणात अ‍ॅक्सिलरेटर थोडा सोडला तरी मागचा भाग आता आपल्या जागी राहतो, स्टिअरिंगवरच्या सततच्या दुरुस्त्या जवळपास थांबल्या आहेत, आणि स्पॉयलरवरची गर्नी पट्टी काढून चालवले की जुनी चुळबुळ पुन्हा जाणवते. लॅपच्या वेळेतील फरक मी मुद्दाम सांगत नाही, कारण त्या दिवशीचे टायर आणि हवामान आधीपेक्षा वेगळे होते, आणि मोजमापातील प्रामाणिकपणा आपल्याकडून शिकल्यावर ते श्रेय पत्र्याला देणे मला रुचणार नाही. सरळ पट्ट्यावरचा कमाल वेग किंचित घटला, हे मात्र खरे आहे. त्या मोबदल्यात मिळालेला विश्वास मला कितीतरी अधिक मोलाचा वाटतो.

आपण साहित्याचे पैसे घेतलेत, मजुरी घेतली नाही. तिच्याऐवजी आपण एकच मागितलेत, की जो कुणी हे काम मनापासून करू इच्छितो त्याला मापे विनामूल्य मिळावीत. त्याप्रमाणे स्पॉयलर, स्प्लिटर, बोनेटच्या वाटा आणि लेव्हल पाइपची फळी यांचे मापांसहित आराखडे मी स्वच्छ काढून आपल्या दुकानी आणून देत आहे. दाबाच्या नोंदींची वहीही सोबत असेल. कुलरचा हंगाम सुरू झाला की आपल्याला श्वास घ्यायला उसंत नसते, म्हणून होळीच्या आत येईन. काकूंना माझा नमस्कार सांगावा.

आपला कृतज्ञ,
एक मोटारप्रेमी